हिरडी सरकली, टाळूचं मांस लावायचं की नाही?

वाचकाचं पत्र :

डॉक्टर ताई, नमस्कार. मी राळेगाव तालुक्यातल्या एका खेड्यात राहते. वय ३६. घरची सहा एकर कोरडवाहू, पऱ्हाटी अन् सोयाबीन. दोनेक वर्षांपासून माझा वरचा डाव्या बाजूचा सुळा आणि त्याच्या मागचा दात लांब दिसायला लागले. थंड पाणी लागलं की कळ थेट कानापर्यंत जाते. रक्त येत नाही, दात हलत नाही. दवाखान्यात दाखवलं तर म्हणाले, हिरडी सरकली आहे, टाळूचं मांस काढून तिथं शिवावं लागेल. ऐकूनच अंगावर काटा आला. सासूबाई म्हणतात, वरच्या दाताला हात लावला की नजर जाते. त्या स्वतः तंबाखूची नस घासतात. घरचे म्हणतात, सोयाबीन विकलं की पाहू. त्यांना तंबाखू-सुपारीचा खर्रा लागतो, मी खात नाही. माझे दात लहानपणापासून पिवळे-तपकिरी आहेत, गावात बऱ्याच जणांचे तसेच. लाज वाटते म्हणून मी रोज राखुंडी आणि मीठ लावून घासून घासून काढते. टाळूला भोक पडेल का? दात पडतील का? किती दिवस वावरात जाता येणार नाही? आता माझी नऊ वर्षांची पोरगीही माझ्यासारखीच घासते. काय करू?

उत्तर :

ताई, तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं. ‘लाज वाटते म्हणून घासून घासून काढते.’ तुमच्या दुखण्याचं मूळ बहुतेक त्या एका वाक्यात आहे. म्हणून टाळूचं आणि टाक्यांचं बोलण्याआधी आपण त्या लाजेचं आणि त्या घासण्याचं बोलू.

यवतमाळ आणि चंद्रपूर जिल्ह्यांतल्या अनेक गावांत बोअरच्या पाण्यात फ्लोराइड जास्त आहे. मूल लहान असतं तेव्हा त्याचे पक्के दात हिरडीच्या आत, हाडात तयार होत असतात. साधारण आठ वर्षांपर्यंत हे काम चालतं. त्या काळात जास्त फ्लोराइडचं पाणी पोटात गेलं, तर दाताचं वरचं कठीण कवच घडतानाच बिघडतं आणि दात बाहेर येतो तो पांढरे-पिवळे-तपकिरी पट्टे घेऊनच. कपड्यावर पडलेला डाग धुतला की निघतो. पण सूतच रंगवून विणलेलं असेल, तर ते लुगडं दगडावर कितीही आपटा, रंग जाणार नाही, लुगडं मात्र फाटेल. तुमच्या दातांचं तेच झालं आहे. यात तुमची अस्वच्छता नाही, आळस नाही, तुमच्या आईचं काही चुकलं असंही नाही. विहिरीचं पाणी आटलं, बोअर खोल गेली, आणि जे पाणी आलं ते गावानं प्यायलं.

आता तो डाग काढायला तुम्ही राखुंडी घेतली. दाताचं कवच खूप कठीण असतं, ते बराच काळ टिकाव धरतं. पण हे कवच हिरडीच्या काठाशी संपतं. त्याच्यापुढे दाताचं मूळ सुरू होतं आणि मूळ मऊ असतं. राखेत आणि मिठात बारीक खर असते, हात वेचणी-निंदणाचा, जोरकस. रोजच्या घासण्यानं आधी हिरडीचा पातळ काठ मागे जातो, मग उघडं पडलेलं मूळ झिजायला लागतं. तुम्ही उजव्या हातानं घासत असाल, असं मी न पाहताच म्हणते, कारण उजव्या हाताच्या माणसाचा सगळ्यात जास्त जोर डाव्या बाजूच्या सुळ्यावर पडतो. तो दात कमानीच्या वळणावर असतो, पुढे आलेला असतो आणि त्याच्यावरची हिरडी मुळात पातळ असते. आरशासमोर उभ्या राहा, ओठ हलकेच वर करा आणि दात जिथं हिरडीला भेटतो तिथं नखाची कड आडवी फिरवून पाहा. नख एखाद्या खाचेत अडकलं, तर ती खाच घासण्यानं पडलेली आहे.

एका गावात तपासणी शिबिरात तुमच्याच वयाच्या एका बाईंना मी विचारलं, ब्रश कसा वापरता? त्यांनी पिशवीतून ब्रशच काढून दाखवला. केस दोन्ही बाजूंना लोळलेले, वादळानंतर ज्वारी लोळते तसे. म्हणाल्या, ‘महिनाच झाला घेऊन.’ त्यांच्या तोंडात पाहायच्या आधीच मला कळलं होतं, कोणत्या दाताची हिरडी सरकली असेल ते.

तर पहिली गोष्ट, आज रात्रीपासून राखुंडी, मीठ, कोळसा, लाल मंजन, विटकरीची पूड, सगळं बंद. मऊ केसांचा ब्रश घ्या. पाकिटावर ‘सॉफ्ट’ किंवा ‘एक्स्ट्रा सॉफ्ट’ लिहिलेलं असतं, गावातल्या दुकानात नसेल तर तालुक्याला मिळेल. ब्रश मुठीत धरू नका, पेन धरतो तसा तीन बोटांत धरा, म्हणजे जोर आपोआप कमी होतो. केस हिरडीवर तिरके टेकवा आणि हिरडीकडून दाताकडे हलकेच वळवा. वरच्या दातांना वरून खाली, खालच्या दातांना खालून वर. आडवं खरडणं पूर्ण सोडा. दिवसातून दोनदा, दोन-दोन मिनिटं, तेवढं पुष्कळ. कळेसाठी पोटॅशियम नायट्रेट असलेली पेस्ट मिळते. ती चार-दोन दिवसांत गुण देत नाही, दोन ते चार आठवडे नेमानं वापरावी लागते. उघड्या मुळाला अगदी बारीक नळ्या असतात, त्यातून थंडाची जाणीव आतल्या नसेपर्यंत पोचते, म्हणून तुम्हाला कळ येते. ही पेस्ट त्या नसेला शांत करते.

आता तुमचा धास्तीचा प्रश्न, दात पडतील का? तुम्ही लिहिलं तेवढ्यावरून, नाही. हिरडी दोन प्रकारांनी सरकते आणि दोन्हींचं भविष्य वेगळं असतं. एक घासण्यानं. यात हिरडी गुलाबी आणि घट्ट राहते, रक्त येत नाही, दात हलत नाही, फक्त बाहेरच्या बाजूनं मूळ उघडं पडतं. दुसरी पायरियानं. दातावर कीटण साचतं, ते हिरडीखाली उतरतं, हिरडी लाल आणि सुजरी होते, रक्त येतं, तोंडाला वास येतो, आतलं हाड झिजतं, दोन दातांत फटी पडतात आणि शेवटी दात हलायला लागतो. या दुसऱ्या प्रकारात आधी कलम करणं, म्हणजे टाळूचं मांस आणून लावणं, हे ओल आलेल्या भिंतीवर चुना मारण्यासारखं. तिथं आधी मुळांपर्यंत खोल सफाई करायची, चार ते सहा आठवड्यांनी पुन्हा मोजायचं, मगच पुढचं ठरवायचं. तुमचं वर्णन पहिल्या प्रकाराचं आहे. पण पत्रावरून मी निदान करणार नाही, मोजूनच ते ठरतं. डॉक्टरांकडे मिलिमीटरच्या खुणा असलेली एक बारीक सळी असते, ती हिरडी आणि दाताच्या मधे अलगद सोडून खोली पाहतात. तीन मिलिमीटरपर्यंत ठीक. त्याहून खोल गेली तर पायरियाची शंका घ्यायची. सोबत त्या भागाचा एक छोटा एक्स-रे लागतो. हे दोन्ही झालं होतं का, तुम्ही लिहिलेलं नाही. झालं नसेल तर पुढच्या खेपेला करून घ्या.

प्रत्येक सरकलेल्या हिरडीला ऑपरेशन लागतंच असं मुळीच नाही. माझ्याकडे साठीतली अशी कितीतरी माणसं येतात, ज्यांची मुळं तीन-तीन मिलिमीटर उघडी आहेत, कळ नाही, वर्षानुवर्षं तेवढीच आहेत. त्यांना मी हात लावत नाही, वर्षातून एकदा मोजून पाठवते. कलमाचा विचार कधी करायचा? हिरडी डोळ्यांदेखत पुढे पुढे सरकत असेल, पेस्टनं आणि डॉक्टर मुळाला लावतात त्या लेपानं कळ जात नसेल, दाताभोवती घट्ट हिरडी उरलीच नसेल, मूळ किडायला लागलं असेल किंवा दिसण्यानं मन खात असेल. दिसण्याचं कारण हलकं समजू नका. ओठ दाबून हसणाऱ्या बाया मी रोज पाहते.

एक मात्र पक्कं समजून घ्या. सरकलेली हिरडी आपोआप परत खाली येत नाही. कोणतं तेल, कोणतं मंजन, कोणती पूड ‘हिरड्या परत वाढवते’ असं कुणी सांगितलं, तर त्यावर पैसा घालू नका. घासणं सुधारलं तर सरकणं थांबतं, एवढंच. आणि तेवढंही फार मोलाचं आहे.

आता ऑपरेशन म्हणजे काय ते सांगते. ते ऐकून तुमचा काटा बराच उतरेल.

माझं माहेर वरुडकडचं, संत्र्याच्या बागांचं. आमच्याकडे जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरतात. खुंटाची साल चिरायची, तिच्याखाली डोळा सरकवायचा, पट्टीनं घट्ट बांधायचा आणि मग त्याला हात लावायचा नाही. बाबा म्हणायचे, रोज सोडून पाहणाऱ्याचं कलम कधी धरत नाही. मी हिरड्यांचं शिक्षण घेताना पहिल्यांदा हे ऑपरेशन पाहिलं, तेव्हा मला बाबांचा चाकूच आठवला. ग्राफ्ट म्हणजे कलमच. खुंट तुमची हिरडी, डोळा तुमच्याच टाळूचा.

आधी दोन्ही जागा इंजेक्शननं बधिर करतात. दात काढताना देतात तेच इंजेक्शन, पूर्ण भूल नसते. टाळूवर, उपदाढांपासून पहिल्या मोठ्या दाढेपर्यंतचा जो आतला भाग आहे, तिथलं मांस जाड आणि चिवट असतं. तिथं एक बारीक चीर देऊन वरची कातडी जागेवरच ठेवतात आणि तिच्याखालचा एक पातळ थर काढतात. जाडी एक ते दीड मिलिमीटर, लांबी दोन दातांपुरती, बोटाच्या पेराएवढी. मग वरची कातडी परत बसवून टाके घालतात. भोक पडत नाही, ताई. टाळूला आतून हाड आहे, आणि त्या हाडाला कुणी हात लावत नाही.

तिकडे दाताजवळ मूळ स्वच्छ करतात, हिरडी आतून सैल करून तिचा एक खिसा बनवतात, टाळूचा थर त्या खिशात मुळावर पसरून ठेवतात आणि सैल केलेली हिरडी त्याच्यावर खाली ओढून केसासारख्या बारीक दोऱ्यानं शिवतात. तास-दीड तासाचं काम. हा काही कालचा नवा प्रयोग नाही. बर्टन लँगर आणि लॉरीन लँगर यांनी ही रीत १९८५ साली मांडली, आणि गेली चाळीस वर्षं जगभरचे हिरड्यांचे डॉक्टर ती वापरत आहेत. सुळ्याच्या जागी, जिथं हसताना दिसतं, तिथं मी हीच रीत पसंत करते, कारण रंग हिरडीत मिसळून जातो. दुसऱ्या एका प्रकारात टाळूच्या वरच्या कातडीसकट तुकडा घेतात. खालच्या पुढच्या दातांना घट्ट हिरडी उरली नसेल तर तो चांगला, पण टाळूची जखम उघडी राहते आणि लावलेला तुकडा नंतरही थोडा फिका, ठिगळासारखा दिसतो. तुम्हाला कोणता प्रकार सुचवला आहे, ते विचारा.

कधीकधी टाळूला हात न लावताही भागतं. हिरडी मुळात जाड असेल तर तीच सैल करून खाली ओढता येते. शेजारच्या दाताची हिरडी भरपूर असेल तर ती बाजूला सरकवता येते. काही ठिकाणी तुमचंच थोडं रक्त काढून, यंत्रात फिरवून त्याचा घट्ट पडदा बनवतात आणि तो लावतात. बाजारात तयार पटलंही मिळतात, पण ती महाग असतात आणि त्यातली काही डुकराच्या कोलेजनची असतात. घरात ते चालणार नसेल तर आधीच स्पष्ट विचारून घ्या, यात संकोच करण्यासारखं काही नाही. मात्र पातळ हिरडीला टिकाऊपणा द्यायचा तर टाळूच्या थराची सर अजून कशाला नाही, असं माझं अनुभवानं झालेलं मत आहे.

मूळ किती झाकलं जाईल? हे सगळ्यात महत्त्वाचं आणि हेच बहुतेक पेशंट विचारत नाहीत. दोन दातांमधलं हाड आणि मधली हिरडीची त्रिकोणी टोकं शाबूत असतील, तर मूळ पूर्ण झाकलं जाण्याची चांगली आशा असते. ती टोकं बसली असतील तर थोडंच झाकलं जातं, आणि हाड फारच गेलं असेल तर झाकण्याची हमी कुणीच देऊ नये. मिलर नावाच्या डॉक्टरांनी १९८५ सालीच याचे चार वर्ग पाडले, ते आजही वापरतात. तुम्ही एवढंच विचारा, ‘माझ्या दोन दातांमधलं हाड शाबूत आहे का, आणि किती मिलिमीटर झाकलं जाईल?’ जो डॉक्टर एक्स-रे हातात धरून याचं सरळ उत्तर देईल, त्याच्याकडे निर्धास्त जा.

नजरेचं म्हणाल, तर वरच्या दातांची नस वेगळी आणि डोळ्याला दिसण्याची नस वेगळी. हिरडीच्या या कामानं नजर जात नाही. सासूबाईंच्या मनात ही भीती कुठून आली असेल ते मी समजू शकते. चाळिशीनंतर दातही दुखतात आणि डोळेही कमी होतात, एकाच वयात दोन्ही होतं, आणि माणूस दोन्हीची गाठ मारतो. त्यांच्याशी वाद घालू नका, सोबत घेऊन या. डॉक्टरांच्या तोंडून ऐकलं की पटतं.

नंतरचे पंधरा दिवस हा खरा परीक्षेचा काळ. लावलेल्या थराला पहिले दोन-तीन दिवस स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. आजूबाजूनं पाझरणाऱ्या ओलाव्यावर तो जगतो, मग हळूहळू बारीक रक्तवाहिन्या त्यात शिरतात. या दिवसांत तो हलला तर मेला. म्हणून ओठ वर करून शेजारणीला दाखवायचं नाही, जिभेनं चाचपायचं नाही, त्या जागी ब्रश लावायचा नाही. पहिल्या दिवशी जोरात चूळ भरू नका, थुंकू नका, तोंडातलं पाणी नुसतं ओघळू द्या. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गाल सुजतो, तो नेमानं उतरतो. दाताच्या जागेपेक्षा टाळूच जास्त दुखतो, गरम चहानं पोळल्यासारखा. डॉक्टर देतील त्या गोळ्यांनी हे सोसवतं. टाळूतून रक्त आलं तर ओली स्वच्छ पट्टी घडी करून अंगठ्यानं वीस मिनिटं न सोडता दाबून धरा. तरी थांबलं नाही तर रात्र असली तरी फोन करा, जा.

चौथ्या-पाचव्या दिवशी टाळूवर किंवा टाक्यांच्या कडेला पांढुरका थर दिसेल. बाया घाबरतात, पू झाला म्हणून कापसानं पुसून काढतात. तो पू नसतो. वरचा पापुद्रा जाऊन खालून नवा येत असतो. पुसू नका.

आणि हे खास तुमच्यासाठी. ब्रश बंद असतो तेवढे दिवस क्लोरहेक्सिडीनचं औषध चूळ भरायला देतात. त्यानं दातांवर तपकिरी थर चढतो आणि जिभेची चव बदलते. तुम्हाला दातांच्या रंगाची आधीच खंत आहे, म्हणून आताच सांगून ठेवते. तो थर वरचा असतो, डॉक्टर नंतर पाच मिनिटांत काढून देतात. तो पाहून राखुंडीचा डबा उघडू नका.

जेवण आठवडाभर मऊ आणि कोमट. गरगटा भात, गार केलेलं वरण, दही-भात, केळं, दुधात कुस्करलेली भाकर. दुसऱ्या बाजूनं चावायचं. तर्री, ठेचा, चिवडा, भाजलेले शेंगदाणे, कडक भाकरीचा पापुद्रा हे सगळं टाळायचं. टाके दहा ते चौदा दिवसांनी काढतात. टाळू तीन-चार आठवड्यांत पूर्ववत होतो. दाताजवळची नवी हिरडी पक्की व्हायला मात्र सहाएक महिने लागतात.

वावराचं विचारलंत. निदान एक आठवडा वाकून काम, ओझं, उन्हातान्हात धुरळ्यात जाणं नको. वाकलं की डोक्याकडे रक्त येतं आणि जखम ठणकते, वाहतेही. म्हणून दसऱ्यापासून संक्रांतीपर्यंत वेचणीच्या दिवसांत हे काम काढूच नका. मजूर मिळत नाही म्हणून तुम्ही तिसऱ्याच दिवशी ओटी बांधाल, हे मला ठाऊक आहे. घासण्यानं सरकलेली हिरडी महिन्या-दोन महिन्यांत दात घेऊन जात नाही, तेव्हा घरच्यांचं ‘सोयाबीन विकलं की पाहू’ हे यावेळी बरोबर आहे. संक्रांत ते होळी हा चांगला काळ. मधले महिने तुमच्या हाताचे आहेत. मऊ ब्रशनं, हलक्या हातानं तीन महिने घासा आणि मग पुन्हा मोजून घ्या. कळ गेली आणि हिरडी तिथंच थांबली असेल, तर कदाचित खाच भरून घेण्यावरच भागेल, टाळूपर्यंत जावंच लागणार नाही. खाच आधी भरायची की कलमानंतर, हे मात्र डॉक्टरांना ठरवू द्या. घाईनं भरलेलं सिमेंट कलमाच्या आड येतं.

मी हाताच्या सवयीवर एवढा जोर देते, त्याला कारण आहे. नुकती शिकून बाहेर पडले होते तेव्हा एका शिक्षकांच्या दोन दातांवर मी कलम केलं. सुरेख धरलं. मी फोटो काढून ठेवले, मनातून खूश झाले. ते घासतात कसे, हे विचारायचं राहूनच गेलं. दोन वर्षांनी ते परत आले तेव्हा तोच दात, तसंच उघडं मूळ. ते मला एका शब्दानंही बोलले नाहीत. चूक माझी होती. तेव्हापासून मी पेशंटला ब्रश हातात देऊन माझ्यासमोर घासायला लावल्याशिवाय चाकू हातात घेत नाही.

पैशांचं. खासगी दवाखान्यात दर दाताप्रमाणे असतो की एका बैठकीचा, औषधं आणि टाके काढणं त्यात धरलं आहे का, हे कागदावर लिहून घ्या. कमी खर्चात करायचं तर दंत महाविद्यालयात जा. तुम्हाला सावंगी मेघेचं शरद पवार दंत महाविद्यालय जवळ पडेल, नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय व रुग्णालय आहे. तिथं केस पेपर काढताना ‘हिरड्यांचा विभाग, पेरिओडॉन्टिक्स’ असं सांगा. तिथले पदव्युत्तर शिकणारे डॉक्टर हे काम करतात, प्राध्यापक शेजारी उभे असतात. शिकाऊ म्हणून बिचकू नका, ते घाई करत नाहीत. चार-पाच खेपा होतील, एसटीत बायांना अर्धं तिकीट आहे, तेवढा भार हलका.

जाताना शुगर तपासलेली असू द्या. मधुमेह ताब्यात नसेल तर जखम भरत नाही. रक्त पातळ करणारी किंवा बीपीची गोळी चालू असेल तर सांगा, मनानं बंद करू नका. दिवस गेलेले असतील तर हे काम बाळंतपणानंतर.

घरातल्या दोघांबद्दलही लिहिते, कारण तुम्ही सहज म्हणून लिहिलंत आणि मला ते सहज वाटलं नाही. सासूबाईंची नस म्हणजे तंबाखूच. ती रोज हिरडीवर घासली की हिरडी सरकते आणि त्याहून वाईट म्हणजे गालाच्या आत, हिरडीवर पांढरे चट्टे येतात. तंबाखूनं रक्तवाहिन्या आकसतात, म्हणून पायरिया असूनही रक्त दिसत नाही आणि माणूस निवांत राहतो. घरच्यांना सांगा, आपलीच तीन बोटं एकावर एक उभी धरून तोंडात जातात का पाहा. जात नसतील, तिखट झोंबत असेल, तर खर्ऱ्यातल्या सुपारीनं तोंड आखडायला लागलं आहे. ते कॅन्सरकडे नेणारं दुखणं आहे, सोयाबीन विकेपर्यंत थांबणारं नाही. तंबाखू सोडायला मदत करणारा सरकारी मोफत फोन आहे, १८००-११-२३५६. तुमचं ऑपरेशन पुढे ढकललं तरी चालेल, या दोघांची तपासणी नाही.

राहिली तुमची मुलगी. नऊ वर्षांची आहे म्हणजे पुढचे दात आलेले असणार, त्यांचे डाग आता घासून जाणार नाहीत. तिला आजच जवळ घेऊन सांगा की हा रंग पाण्याचा आहे, तिचा नाही. राखुंडी तिच्या हातातून काढून घ्या, मुलांचा मऊ ब्रश आणि वाटाण्याएवढी पेस्ट द्या. मोठी झाली आणि तिला वाटलं, तर डागांवर हलकं पॉलिश, ब्लिचिंग किंवा वरून पातळ थर बसवणं असे उपाय आहेत. तेच उपाय तुमच्यासाठीही आहेत. कलमाचा निर्णय काही होवो, डागांबद्दल डॉक्टरांना वेगळं विचारा.

आणि घरी किंवा शेजारी आठ वर्षांच्या आतलं लेकरू असेल, तर पाण्याचं आताच पाहा. तुमच्या बोअरच्या पाण्याची फ्लोराइड तपासणी ग्रामपंचायतीकडून करून घ्या. लिटरमागे एक मिलिग्रॅमच्या आत असावं, दीडच्या वर गेलं तर ते पिण्याचं पाणी नाही. उकळून फ्लोराइड जात नाही, उलट पाणी आटतं आणि ते वाढतं. तेवढ्या लेकराच्या पिण्याला आणि स्वयंपाकाला दुसऱ्या, तपासलेल्या विहिरीचं दोन हंडे पाणी आणा. तीन महिन्यांनी, हिरडी पुन्हा मोजून झाली की, ते आकडे आणि पाण्याचा कागद दोन्ही मला पाठवा. सोबत तुमचा तोपर्यंतचा ब्रश कसा दिसतो, तेही लिहा.